राष्ट्रपतींची निवडणूक: पात्रतेपासून शपथेपर्यंत, आणि हिशेब नेमका कुठे चुकतो

स्पर्धा परीक्षेच्या वर्गात राष्ट्रपती निवडणुकीचा तास झाला की दर वर्षी वह्यांमध्ये त्याच चार चुका सापडतात. विधान परिषदेचे आमदार मतदारांत धरलेले असतात. लोकसंख्या २०११ ची घेतलेली असते. इथे प्रत्येक मताला ठरावीक मूल्य म्हणजे वजन असतं, आणि जिंकायला एकूण मतमूल्याच्या निम्म्याहून जास्त मूल्य लागतं, असं गृहीत धरलेलं असतं. आणि ‘पक्षाने व्हिप (अमुकच मत द्या असा सक्तीचा आदेश) काढला’ हे वाक्य बिनधास्त लिहिलेलं असतं. बहुतेकांची आकडेमोड ठीक असते, पायऱ्यांचा क्रम चुकलेला असतो. मतदार कोण हे न ठरवता मूल्य काढायला बसलं की पुढचं सगळंच वाकडं जातं.

पुढची निवडणूक २०२७ च्या जुलैत कार्यकाळ संपण्याआधी व्हायची आहे. तोवर हा हिशेब एकदा स्वतःच्या हाताने करून बघा.

सुरुवात करण्याआधी

कागद, कॅल्क्युलेटर आणि तीन आकडे हवेत: राज्याची १९७१ च्या जनगणनेतली लोकसंख्या, त्या विधानसभेतल्या निवडून येणाऱ्या जागा आणि संसदेतल्या निवडून येणाऱ्या जागा. शेवटचा आकडा आज ७७६ आहे (लोकसभा ५४३, राज्यसभा २३३). राज्यघटनेतली ५४ ते ६२ ही कलमं आणि ७१ वं कलम समोर उघडं असलं तर उत्तम. या निवडणुकीचा कायदा १९५२ चा आहे आणि नियम १९७४ चे. बारीकसारीक तरतुदी तिथेच सापडतात.

पायरी १: उभं कोण राहू शकतं

कलम ५८ च्या अटी मोजक्या आहेत. व्यक्ती भारताची नागरिक हवी, वय ३५ पूर्ण हवं, लोकसभेवर निवडून यायला ती पात्र हवी आणि तिच्याकडे लाभाचं पद (ज्यातून आर्थिक फायदा मिळतो असं सरकारी पद) नको. नागरिकत्व जन्माने मिळालेलं असावं अशी अट आपल्याकडे नाही. ती अमेरिकेची. पुस्तकं शेजारीशेजारी वाचताना ती इकडे सरकते.

‘लोकसभेला पात्र’ या दोन शब्दांत बरंच काही दडलेलं आहे. देशातल्या कोणत्याही लोकसभा मतदारसंघाच्या यादीत नाव असणं त्यातच येतं. म्हणून अर्जासोबत त्या यादीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत जोडावी लागते.

सगळ्यात जास्त गोंधळ लाभाच्या पदाचा. केंद्र सरकार, राज्य सरकार किंवा त्यांच्या नियंत्रणाखालच्या संस्थेतलं लाभाचं पद चालत नाही. पण राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यपाल आणि केंद्रातले किंवा राज्यातले मंत्री यांना घटनेनेच यातून वगळलं आहे. प्रतिभाताई पाटील यांनी २००७ मध्ये राजस्थानचं राज्यपालपद सोडलं, रामनाथ कोविंद यांनी २०१७ मध्ये बिहारचं. हे राजीनामे संकेत म्हणून योग्यच, पण ‘राज्यपालपद लाभाचं पद असल्यामुळे राजीनामा दिला’ असं उत्तर लिहिलंत तर गुण जातील.

खासदार किंवा आमदार असलेली व्यक्तीही उभी राहू शकते. निवडून आल्यास राष्ट्रपतिपदाची सूत्रं घेतल्याच्या दिवशी तिची सभागृहातली जागा आपोआप रिकामी झाली असं मानलं जातं. आधी राजीनामा द्यायची सक्ती नाही. पुन्हा उभं राहायलाही बंदी नाही.

*सावधान:* पात्रता छाननीच्या तारखेला तपासली जाते. लाभाचं पद सोडायचं असेल तर ते त्याआधी, आणि कागदोपत्री चोख सोडलेलं हवं. २०१२ मध्ये प्रणव मुखर्जी यांच्या उमेदवारीवर प्रतिस्पर्धी उमेदवार पी. ए. संगमा यांनी भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अध्यक्षपदावरून आक्षेप घेतला होता. छाननीत तो फेटाळला गेला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथे ३ विरुद्ध २ अशा मताने याचिका निकाली निघाली. म्हणजे पाचांपैकी दोन न्यायाधीशांचं मत वेगळं होतं, इतका हा विषय निसरडा आहे.

पायरी २: मतदार कोण, हे आधी पक्कं करा

कलम ५४ मधला महत्त्वाचा शब्द ‘निवडून आलेले’ हा आहे. पेन्सिलीने त्याखाली दोन रेघा मारा.

निर्वाचकगणात, म्हणजे राष्ट्रपती निवडणाऱ्या मतदारांच्या गटात येतात: लोकसभा आणि राज्यसभेचे निवडून आलेले सदस्य, सगळ्या राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सदस्य आणि दिल्ली व पुदुच्चेरी विधानसभांचे निवडून आलेले सदस्य. हे शेवटचे दोन १९९२ च्या ७० व्या घटनादुरुस्तीने आले.

येत नाहीत: राज्यसभेतले राष्ट्रपतिनियुक्त १२ सदस्य, विधानसभेतले नामनिर्देशित सदस्य आणि विधान परिषदेचे सगळे सदस्य. परिषदेचे सदस्य पदवीधर मतदारसंघातून निवडून आलेले असोत की स्थानिक स्वराज्य संस्थांमधून, त्याने फरक पडत नाही. महाराष्ट्राच्या विधिमंडळात २८८ अधिक ७८ सदस्य आहेत. त्यातले ७८ इथे शून्य धरायचे. मुख्यमंत्री विधान परिषदेतून आलेले असतील तर त्यांनाही मत नाही.

गंमत अशी, की राज्यसभेच्या नियुक्त सदस्याला मत देता येत नाही, पण बाकी अटी पूर्ण होत असतील तर उभं मात्र राहता येतं. मतदाराची पात्रता आणि उमेदवाराची पात्रता या दोन वेगळ्या याद्या आहेत.

*तपासा:* महाराष्ट्रातले मतदार किती? २८८ आमदार, ४८ लोकसभा खासदार, १९ राज्यसभा खासदार. एकूण ३५५. तुमचा आकडा ४३३ आला असेल तर परिषद आत शिरली आहे.

एखादी विधानसभा बरखास्त असली तरी निवडणूक थांबत नाही. १९७४ मध्ये गुजरात विधानसभा विसर्जित होती, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने हाच अभिप्राय दिला. निर्वाचकगणात जागा रिकाम्या होत्या एवढ्या कारणावरून निवडणुकीला आव्हान देता येत नाही.

पायरी ३: आमदाराच्या मताचं मूल्य

सूत्र: राज्याची १९७१ ची लोकसंख्या भागिले निवडून येणाऱ्या आमदारांची संख्या, आणि आलेलं उत्तर पुन्हा भागिले १०००. बाकी ५०० किंवा त्याहून जास्त राहिली तर एक वाढवायचा, नाहीतर सोडून द्यायची.

महाराष्ट्र: ५,०४,१२,२३५ भागिले २८८ म्हणजे साधारण १,७५,०४२. हजाराने भागल्यावर १७५, बाकी ४२. बाकी सोडली. एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५, राज्याचं एकूण ५०,४००.

उत्तर प्रदेश: ८,३८,४९,९०५ भागिले ४०३. मूल्य २०८, एकूण ८३,८२४.

सिक्कीम: २,०९,८४३ भागिले ३२ म्हणजे ६,५५७. हजाराने भागल्यावर ६, बाकी ५५७. ती पाचशेच्या वर आहे, म्हणून मूल्य ७. एकूण २२४. बाकीचा नियम कळला की नाही हे बघायला मी नेहमी सिक्कीमच देतो. महाराष्ट्राच्या गणितात नियम विसरलात तरी उत्तर बरोबर येतं आणि चूक झाकली जाते.

लोकसंख्या १९७१ ची का? लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांचं वजन घटू नये म्हणून १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने हा आकडा गोठवला. २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने ती मुदत वाढवली. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत १९७१ हेच वर्ष चालतं.

*सावधान:* जागा रिकामी असली तरी भाजक बदलत नाही. एखाद्या आमदाराचं निधन झालं म्हणून २८७ ने भागू नका. मूल्य मंजूर जागांवरून निघतं.

पायरी ४: खासदाराच्या मताचं मूल्य

सगळ्या आमदारांच्या मतांचं एकत्रित मूल्य भागिले निवडून येणाऱ्या खासदारांची संख्या. अपूर्णांक अर्ध्याहून जास्त असेल तर पूर्ण एक धरायचा.

२०२२ मध्ये आमदारांचं एकूण मूल्य होतं ५,४३,२३१. त्याला ७७६ ने भागलं की ७०० येतात. खासदारांचं एकूण ५,४३,२०० आणि दोन्ही मिळून १०,८६,४३१. सगळी राज्यं एका तागडीत आणि संसद दुसऱ्या तागडीत, दोन्हीकडचं वजन जवळपास सारखं राहावं यासाठी हे सूत्र आहे.

७०० हा आकडा पाठ करून ठेवू नका. २०१७ मध्ये तो ७०८ होता. २०२२ मध्ये जम्मू-काश्मीरची विधानसभा अस्तित्वात नव्हती, त्यामुळे वरची बेरीज घटली आणि खासदाराचं मूल्यही. आमदारांची बेरीज हलली की खासदाराचं मूल्य हलतं, म्हणून पायरी ३ च्या आधी पायरी ४ करता येत नाही.

*तपासा:* २०२२ च्या मूल्याने महाराष्ट्राचं एकूण वजन काढा. ५०,४०० अधिक ६७ खासदार गुणिले ७००, म्हणजे ४६,९००. बेरीज ९७,३००. त्या वर्षी एका खासदाराचं मत महाराष्ट्राच्या बरोबर चार आमदारांइतकं होतं.

पायरी ५: तारखा लावून घ्या

कार्यकाळ संपण्याआधीच्या ६० दिवसांत निवडणूक आयोग अधिसूचना काढतो. त्यानंतरचा १४ वा दिवस अर्ज भरण्याचा शेवटचा. दुसऱ्या दिवशी छाननी, तिथून दुसऱ्या दिवसापर्यंत माघार आणि माघारीनंतर किमान १५ व्या दिवशी मतदान. २०२२ चं वेळापत्रक यावर ठेवून बघा: अधिसूचना १५ जून, अर्जाची मुदत २९ जून, छाननी ३० जून, माघार २ जुलै, मतदान १८ जुलै, मोजणी २१ जुलै, शपथ २५ जुलै.

मुदत संपून जागा रिकामी होणार असेल तर निवडणूक मुदतीच्या आत पूर्ण व्हायला हवी. मृत्यू, राजीनामा किंवा महाभियोगाने जागा रिकामी झाली तर सहा महिन्यांच्या आत. अशा वेळी निवडून आलेल्या व्यक्तीला उरलेला काळ मिळत नाही, पूर्ण पाच वर्षं मिळतात. पोटनिवडणुकीच्या सवयीमुळे इथे फार जण घसरतात. शपथ २५ जुलैलाच का, तेही यातूनच कळतं: फेब्रुवारी १९७७ मध्ये फखरुद्दीन अली अहमद यांचं निधन झालं, नीलम संजीव रेड्डी यांनी २५ जुलै १९७७ ला शपथ घेतली आणि पाच-पाच वर्षांची मोजणी तिथून चालू राहिली.

पायरी ६: उमेदवारी अर्ज

निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून लोकसभा आणि राज्यसभेचे महासचिव आळीपाळीने काम बघतात. २०२२ मध्ये राज्यसभेची पाळी होती.

अर्जावर किमान ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात आणि हे शंभरही जण निर्वाचकगणातले हवेत. अनामत १५,००० रुपये. अर्ज उमेदवाराने स्वतः किंवा त्याच्या एखाद्या सूचक-अनुमोदकाने सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेत द्यायचा. एका उमेदवाराला जास्तीत जास्त चार अर्ज भरता येतात. एक छाननीत उडाला तरी दुसरा टिकावा म्हणून मोठे पक्ष चारही भरतात. मात्र एका मतदाराची सही एकाच अर्जावर चालते, त्यामुळे चार अर्ज म्हणजे चारशे वेगवेगळ्या सह्या. एकाने दोन अर्जांवर सही केली तर आधी दाखल झालेल्या अर्जावरची धरतात, दुसरी निरर्थक ठरते.

अर्ज बाद व्हायची नेहमीची कारणं: सह्या पुरेशा नाहीत, सही करणारा मतदारच नाही, सही खरी नाही, मतदार यादीतली प्रमाणित नोंद जोडलेली नाही, अनामत भरलेली नाही. १९७७ मध्ये ३७ जणांनी अर्ज भरले होते. छाननीत ३६ बाद झाले आणि रेड्डी बिनविरोध निवडून आले. शंभर सह्यांची अट तर नंतर, १९९७ मध्ये आली.

*सावधान:* विधान परिषदेच्या सदस्याची सही सूचक म्हणून घेतली की ती वाया गेली. पायरी २ ची चूक इथे थेट अर्जावर बसते.

अनामत वाचवायला जिंकण्यासाठी लागणाऱ्या मूल्याच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं हवीत. हे ‘जिंकण्यासाठी लागणारं मूल्य’ पायरी ८ मध्ये निघतं, मतदानाआधी ते कुणालाच माहीत नसतं.

पायरी ७: मतदान

खासदार संसदेत मत देतात, आमदार आपापल्या विधानभवनात. आधी कळवून परवानगी घेतली तर दुसऱ्या ठरलेल्या केंद्रावरही देता येतं. खासदारांची मतपत्रिका हिरवी, आमदारांची गुलाबी. मतदान यंत्र नाही, कारण पसंतीक्रम आकड्यांनी लिहायचा असतो.

उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे आकडे लिहायचे. आकडे आंतरराष्ट्रीय, रोमन किंवा मान्यताप्राप्त भारतीय भाषेतले चालतात, म्हणजे आपले देवनागरीही. ‘एक’ असं अक्षरी लिहिलं की मत बाद. बरोबरची खूण केली तरी बाद. १ कुणापुढेच नाही, १ दोघांपुढे आहे, एकाच नावापुढे १ आणि दुसराही आकडा आहे, मतपत्रिकेवर ओळख पटेल अशी खूण किंवा सही आहे, या सगळ्यांतही मत बाद. फक्त १ लिहून पुढचे पसंतीक्रम रिकामे सोडले तर मात्र मत वैध राहतं.

पेन आयोगाचाच वापरायचा, जांभळ्या शाईचा. २०१६ मध्ये हरियाणातल्या राज्यसभा निवडणुकीत वेगळ्या शाईवरून मतं बाद झाली आणि पुढच्याच वर्षी राष्ट्रपती निवडणुकीत हे पेन आलं.

आणि तरीही २०२२ मध्ये ५३ मतं बाद झाली, त्यातली १५ खासदारांची. कायदे करणारी माणसं नावापुढे एक आकडा लिहिताना चुकतात, हे वर्गात सांगितलं की कुणाला पटत नाही.

*सावधान:* राज्यसभेच्या निवडणुकीत आमदार आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवतो. इथे तसं केलं तर गुप्ततेचा भंग होतो. पक्षाला व्हिपही काढता येत नाही आणि वेगळं मत दिलं म्हणून पक्षांतरबंदी कायदाही लागू होत नाही. पक्ष भूमिका जाहीर करतो, आवाहन करतो, तेवढंच. त्यामुळे आघाडीची गोळाबेरीज हा अंदाज समजा. २००७ मध्ये भाजपच्या आघाडीत असूनही शिवसेनेने प्रतिभाताईंना पाठिंबा दिला होता.

पायरी ८: मोजणी आणि कोटा

मतपेट्या राज्यांतून दिल्लीला विमानाने येतात. २०२२ मध्ये त्यांची ‘मिस्टर बॅलट बॉक्स’ या नावाने स्वतंत्र तिकिटं काढली होती.

आता क्रम पाळा. आधी बाद मतं बाजूला काढा. मग वैध मतांचं मूल्य मिळवा. त्याला २ ने भागा, बाकी सोडा, १ मिळवा. हा कोटा.

२०२२: द्रौपदी मुर्मू यांना २,८२४ मतं, मूल्य ६,७६,८०३. यशवंत सिन्हा यांना १,८७७ मतं, मूल्य ३,८०,१७७. वैध मूल्याची बेरीज १०,५६,९८०, कोटा ५,२८,४९१. एकूण निर्वाचकगणाच्या १०,८६,४३१ वरून कोटा काढलात तर ५,४३,२१६ येतो, आणि तो चुकीचा आहे. गैरहजर राहिलेल्यांचं आणि बाद झालेल्यांचं मूल्य कोट्यात येतच नाही. टक्केवारीही मूल्यावरून काढायची, डोकी मोजून नाही. मुर्मू यांची ६४.०३ येते. डोक्यांवरून काढलीत तर साठच्या आसपास अडकाल.

पहिल्या पसंतीत कोटा कुणालाच मिळाला नाही तर? सगळ्यात कमी मूल्य असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे उरलेल्यांकडे जातात, मूळच्याच मूल्याने. ज्यांवर पुढची पसंती नाही त्या मतपत्रिका संपल्या. कोटा पुन्हा काढत नाहीत. एकाने तो गाठेपर्यंत हेच चालतं.

असं एकदाच घडलं, १९६९ मध्ये. उमेदवार १५. कोटा ४,१८,१६९. पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरी ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी ३,१३,५४८ आणि आपले चिंतामणराव देशमुख १,१२,७६९. शेवटी देशमुखांच्या मतपत्रिका उघडल्यावर रेड्डींचा आकडा झपाट्याने चढला. सगळ्या फेऱ्या मिळून रेड्डींना ९१,८७९ मूल्याची भर पडली, गिरींना फक्त १८,५६२. अखेरचे आकडे: गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. गिरी कोट्याच्या पुढे अवघ्या १,९०८ ने गेले.

*तपासा:* गिरी आणि रेड्डींच्या अखेरच्या आकड्यांची बेरीज ८,२५,५०४ येते. पहिल्या फेरीतलं वैध मूल्य ८,३६,३३७ होतं. मधले १०,८३३ कुठे गेले? ज्यांनी गिरी किंवा रेड्डी यांच्यापैकी कुणालाच पुढची पसंती दिली नव्हती, त्यांच्या मतपत्रिका त्या.

पायरी ९: निकालानंतर

निवडणुकीला आव्हान फक्त सर्वोच्च न्यायालयात देता येतं. एखादा उमेदवार, किंवा निर्वाचकगणातले किमान २० मतदार एकत्र येऊन, निकाल प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांच्या आत याचिका करू शकतात. सामान्य नागरिकाची जनहित याचिका इथे चालत नाही. १९६९ च्या निकालावर अशी याचिका झाली तेव्हा गिरी राष्ट्रपतिपदावर असताना स्वतः न्यायालयात साक्षीला उभे राहिले होते. याचिका फेटाळली गेली.

निवडणूक पुढे रद्द झाली तरी त्या काळात राष्ट्रपती म्हणून केलेली कामं अवैध ठरत नाहीत.

शपथ भारताचे सरन्यायाधीश देतात, ते नसतील तर सर्वोच्च न्यायालयाचे उपलब्ध असलेले सगळ्यात ज्येष्ठ न्यायाधीश. राष्ट्रपती राजीनामा देतात तो मात्र उपराष्ट्रपतींना उद्देशून. वहीत ही दोन नावं हटकून उलटी पडतात. मुदत संपली आणि नवे राष्ट्रपती अजून पदावर आले नसतील, तर मावळते राष्ट्रपतीच काम चालू ठेवतात. उपराष्ट्रपती कार्यभार घेतात ते मृत्यू, राजीनामा किंवा पदच्युतीने जागा रिकामी झाली तर.